चुलत बहिणीसाठी जपानी शब्द

माझी चुलत बहीण माझी कोण लागते, असं एका जपानी बाईंनी मला एकदा विचारलं होतं. मी एका शब्दात उत्तर दिलं. त्याला आता नऊ वर्षं होऊन गेली. खरं काय झालं ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही.

ती थोरल्या काकांची, मी त्यांच्या धाकट्या भावाची. ती माझ्याहून आठ महिन्यांनी मोठी. नेकनूरहून थोडं आत आमचं गाव, आणि गावात शिरताशिरताच आमचं घर. एकाच दारातून आत गेलं की उजवीकडं काकूंची चूल आणि डावीकडं आईची. वाटण्या कधीच झाल्या होत्या, पण त्या मोठ्यांच्या. आम्ही दोघी काकूंकडचं पिठलं आणि आईकडची भाकरी असं ताट वाढून घ्यायचो आणि मधल्या पडवीत बसून जेवायचो.

आणि दिवसभर एकमेकींशी चढाओढ करायचो. चौथीत ती पहिली आली, पाचवीत मी. पळण्यात ती पुढं, पाढ्यांत मी. कुणाची भाकरी जास्त फुगते, कापूस वेचताना कुणाची ओटी आधी भरते, इथपर्यंत सगळं मोजलं जायचं. एक मात्र विचित्र होतं. जी हरायची ती रडायचीच, पण जी जिंकायची तीही थोड्या वेळानं रडायला लागायची. काकू वैतागायच्या. "अगं, तू जितलीस ना? मंग आता तू कावून रडायलीस?"

बारावीनंतर दोघींनी बीडला नर्सिंग केलं आणि एकाच खाजगी दवाखान्यात लागलो. जपानीचं खूळ तिनं आणलं. कोर्टाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर जिना चढून गेलं की एक लांबट खोली होती, तिथं क्लास चालायचा. शिकवणाऱ्या मॅडम बीडच्याच. पुण्यात ही भाषा शिकून तिथल्या एका कारखान्यात त्यांनी दुभाष्याचं काम केलं होतं, आणि सासूच्या आजारपणात परत आल्या त्या इथंच राहिल्या. नर्सिंग झालेल्या मुलींना जपानमधल्या वृद्धाश्रमांत काम मिळतं, भाषा तेवढी यायला हवी, असं त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, "आपुन दोघी जायचं. एकटी मी न्हाई जाणार, आन तुलाबी एकटीला न्हाई जाऊ देणार."

दीड वर्ष आम्ही तो जिना चढलो. सकाळी क्लास, दुपारी ड्यूटी, संध्याकाळी गाव. एसटीच्या खिडकीशी बसायला मिळालं की काचेवर बोटानं अक्षरं गिरवायचो. क्लासच्या परीक्षेत एकदा ती वर, एकदा मी. निकालाचा कागद लागला की बाकीच्या मुली आपला नंबर नंतर बघायच्या, आधी आमचा.

एक दिवस धड्यात 'राइबारु' हा शब्द आला. मॅडमनी तो फळ्यावर लिहिला आणि म्हणाल्या, "हा इंग्रजीतून तिकडं गेलाय. प्रतिस्पर्धी. पण ह्यात वैर नाही. ज्याच्यामुळं आपण जास्त जोरात पळतो, तो राइबारु. ह्या दोघींसारखा." वर्ग हसला. मॅडमना चेव चढला तशी त्यांनी त्याखाली एकेक शब्द लिहायला सुरुवात केली. आपल्या दुकानासमोर कुणी दुसरं दुकान उघडलं तर तो क्योसो-आइते. निवडणुकीत समोर उभा राहिलेला ताइकोबा, म्हणजे शर्यतीतला समोरचा घोडा. ज्याचा सूड घ्यायचा तो काताकी. आपल्याला आवडणारा माणूस जिलाही आवडतो, ती कोइगाताकी.

"म्हंजी सवत?" मागून एकीनं विचारलं.

"सवत लग्नानंतरची. ही लग्नाआधीची."

मग त्यांनी 'तेकी' लिहिला. "हा शत्रू. खेळात समोरच्या संघाला तेकी म्हणतात, त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. पण माणसाकडं बघून म्हटलात, तर मग तो खेळ राहत नाही. जपून वापरा."

'आइते'पाशी सगळ्या अडकल्या. समोरचा माणूस तो आइते, मॅडम सांगत होत्या. ज्याच्याशी लढायचं तोही आइते आणि ज्याच्याशी बसून गप्पा मारायच्या तोही आइतेच. असं कसं, हा गोंधळ चालला होता तेवढ्यात माझ्या शेजारून तिनं हात वर केला.

"मॅडम, आमच्या जत्रंत कुस्त्या असतात. तिथं इचारतात, ह्याची जोड कोण? जोड म्हंजी ज्याच्याशी लढायचं त्यो. आन बैलाचीबी जोडच असती, ती तर संग चालती."

मॅडमनी खडू उचलला. मग त्यांनी फळ्यावर 'आइते'पुढं 'जोड' लिहिलं. "इतकी वर्षं शिकवतेय, मला हे सुचलं नव्हतं," त्या म्हणाल्या. तो शब्द मला सुचायला हवा होता. आणि त्याच वेळी मी बाकाखालून तिचा हात दाबला, हेही खरं आहे.

"मॅडम," ती पुन्हा म्हणाली, "भाऊबंदकीला काय म्हणायचं?"

सगळ्या पोरी खळखळून हसल्या. बीड जिल्ह्यात भाऊबंदकी कुणाच्या घरात नाही? मॅडमना तेव्हा सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या जाड शब्दकोशात खूण घालून आल्या. कोत्सुनिकु नो आरासोइ. हाडामासातलं भांडण. आम्ही दोघींनी ते वहीत उतरवून घेतलं आणि एकमेकींकडं बघितलं नाही.

कारण तिनं तो प्रश्न गमतीनं विचारला नव्हता. आमच्या गावची निवडणूक लागली होती आणि सरपंचपद महिलेसाठी सुटलं होतं. इतकी वर्षं दादा, म्हणजे माझे वडील, काकांच्या मागं उभे राहिले होते. ह्या वेळी ते म्हणाले, आता आमची पाळी. काका म्हणाले, पाळी विहिरीच्या पाण्याची असती, गावाची नसती. चार दिवसांत दोन पॅनल झाली. एका बाजूला काकू उभ्या राहिल्या, दुसऱ्या बाजूला माझी आई. ज्या दोघी जावांनी वीस वर्षं एका सुपात गहू निवडले, त्यांचे फोटो समोरासमोरच्या भिंतींवर लागले, नवऱ्याच्या फोटोहून लहान. आईचं चिन्ह कपबशी, काकूंचं शिलाई मशीन.

एकदा सकाळी हापशावर मी त्या दोघींना बोलताना ऐकलं. आई म्हणत होती, "बाई, ह्यांच्या पायी आपुन दोघी फोटोत जाऊन बसलाव." काकू म्हणाल्या, "बसलाव खरं. आता उतरायचं कसं?" मग कुणीतरी येताना दिसलं आणि दोघी आपापल्या घागरी उचलून वेगवेगळ्या बाजूंनी गेल्या.

आम्ही दोघींनी ठरवलं होतं की ह्यात पडायचं नाही. एसटीत निवडणुकीचा विषय काढायचा नाही. ते आम्ही महिनाभर पाळलं.

काकू निवडून आल्या, अगदी थोडक्या मतांनी. दुपारी मिरवणूक निघाली आणि ती मुद्दाम आमच्या बाजूनं आली. पुढं डीजेची गाडी, मागं गुलालानं माखलेली माणसं. आई आत देव्हाऱ्यासमोर बसून होती. मी खिडकीत उभी होते. डीजेची गाडी बरोबर आमच्या ओट्यासमोर येऊन थांबली आणि त्या गाडीवर मला ती दिसली. केसांत गुलाल, कपाळावर गुलाल, गाडीवर चढून ती डीजेवाल्याच्या कानाशी लागून काहीतरी ओरडत होती, हात हलवत होती. मला वाटलं, ती नाचतेय. आमच्या दारासमोर.

थोड्या वेळानं डीजे बंद पडला. त्या शांततेत घोषणा आणखी मोठ्या ऐकू आल्या. दादा ओट्यावर गेले, "पुढं व्हा, पुढं व्हा" म्हणू लागले. शब्दानं शब्द वाढला. गर्दीतून काका पुढं आले आणि त्यांनी दादांना छातीवर हात लावून मागं ढकललं. दादा ओट्याच्या कडेवर पडले. मनगट मोडलं. त्यांचं हाड मोडल्याचं दुःख मला नंतर झालं. आधी मला दिसला तो त्यांचा चेहरा, आपल्या थोरल्या भावाकडं खालून बघणारा.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी आमची मुलाखत होती.

त्या मुलाखतीबद्दल थोडं सांगायला हवं. समुद्राकाठच्या एका लहान गावातला वृद्धाश्रम होता. त्यांना एकाच भागातल्या दोन मुली हव्या होत्या. एकटी आलेली मुलगी रडून परत जाते, असा त्यांचा अनुभव होता. दोघींना एकच खोली, दोघींची ड्यूटी लागोपाठ. मॅडमनी क्लासमधून आमची दोघींची नावं पाठवली होती. मॅडमना त्यात दुसरा विचारच करावा लागला नव्हता.

आदल्या संध्याकाळी तिचा मेसेज आला. 'उद्या सातच्या गाडीनं. मी डबा आणते दोघींचा.' मी तो वाचला आणि उत्तर दिलं नाही. सकाळी सहाच्या गाडीनं एकटीच गेले. ती क्लासमध्ये आली तेव्हा तिच्या हातात दोन डबे होते. तिनं एक माझ्यापुढं ठेवला. "दादांचा हात कसा हाय?" तिनं हळूच विचारलं. मी वहीत बघत राहिले.

तेवढ्यात मॅडमनी आम्हाला आत बोलावलं. लॅपटॉपसमोर दोन खुर्च्या चिकटून ठेवल्या होत्या. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक बाई आणि त्यांच्या शेजारी एक तरुण माणूस. मॅडम बाजूला बसल्या. त्यांना मधे बोलायची परवानगी नव्हती. सुरुवातीचं सगळं छान झालं. म्हाताऱ्या माणसानं जेवायला नाही म्हटलं तर काय कराल, असं बाईंनी विचारलं. ती म्हणाली, आधी शेजारी बसून मी जेवेन. बाई हसल्या, काहीतरी लिहून घेतलं.

मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि अगदी सहज, शेवटचं म्हणून विचारलं, "तुमच्या दोघींचं आडनाव एकच दिसतंय. बहिणी आहात का?"

"इतोको देस," ती म्हणाली. चुलत बहिणी. मग माझ्याकडं एकदा बघून तिनं पुढं जोडलं, "इइ राइबारु देस." चांगल्या राइबारु आहोत.

बाईंना ते फार आवडलं. त्या माझ्याकडं वळल्या. "आणि तुमच्यासाठी? तुमच्यासाठी त्या कोण?"

मला निदान सहा शब्द येत होते. बहीण म्हणता आलं असतं. मैत्रीण म्हणता आलं असतं. तिचाच शब्द पुन्हा म्हटला असता तरी भागलं असतं. तिच्या कानामागं अजून गुलालाचा एक ठिपका राहिला होता. तीनदा डोकं धुऊनही तो निघत नाही. मी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तेकी देस." शत्रू आहे.

पडद्यावरच्या बाईंना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "तेकी?" त्यांनी विचारलं. त्यांच्या शेजारच्या तरुणानं मान वर केली. मी "हाइ" म्हणाले. होय.

मॅडमनी नंतर मला एकटीला थांबवलं. "घाबरून शब्द चुकला ना? अगं, मी आत्ताच्या आत्ता त्यांना लिहिते. खेळात वापरतात तो शब्द, मुलीला तेवढाच आठवला म्हणून सांगते. समजून घेतील. बोल ना." त्यांच्या हातात फोन तयार होता. मी बोलले नाही. शेवटी त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

जिन्यात ती उभी होती. डबे तसेच हातात.

"शब्द चुकला ना तुझा?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती मला वाट काढून देत होती, लहानपणी मी पाणंदीतल्या चिखलात अडकले की हात द्यायची तशी. "चुकला असंल. होतं असं. मीबी गडबडले व्हते."

"न्हाई," मी म्हणाले. "शब्द चुकला न्हाई माझा."

एक डबा तिनं जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि खाली उतरून गेली. मी तो उचलला नाही.

आठवड्याभरात उत्तर आलं. दोघीही हुशार आहेत, पण एका खोलीत राहायचं, एकाच म्हाताऱ्याला दोघींनी मिळून उचलायचं, तिथं असं चालणार नाही. त्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यातल्या दोघी घेतल्या. माझंही नुकसान होणार हे मला तो शब्द म्हणताना ठाऊक होतं. तरीही म्हणाले.

ती पुन्हा क्लासला आली नाही. तिनं नोकरीही सोडली. काकांचं आता गावात वजन होतं, चांगली चांगली स्थळं येत होती, आणि इतके दिवस जपानला जायचंय म्हणून ती सगळ्यांना थोपवत होती. आता थोपवायला काही राहिलं नाही. चारच महिन्यांत वडवणीला तिचं लग्न ठरलं. मुलाकडं कापडाचं दुकान, मोठं कुटुंब, सुनेनं नोकरी करायची नाही एवढी एकच अट.

तोवर आमच्या मधल्या पडवीत विटांची भिंत उभी राहिली होती. लग्न भिंतीपलीकडं, अंगणात मांडव घालून झालं. आमच्याकडं पत्रिका आली, मानानं बोलवायला मात्र कुणी आलं नाही, म्हणून दादा म्हणाले, कुणी जायचं नाही. मी आतल्या खोलीत बसून सगळं ऐकलं. हळदीच्या दिवशीची गाणी, वऱ्हाड आल्याची धांदल, मग लाऊडस्पीकरवरून मंगलाष्टकं. कुणीतरी उठल्याचा आवाज आला म्हणून मी बघितलं तर आई मागच्या दाराशी, भिंतीला तोंड करून उभी होती. तिच्या मुठीत अक्षता होत्या. 'सावधान' झालं की ती भिंतीवरून पलीकडं थोड्या टाकायची. पाचही वेळा टाकल्या. दादा ओट्यावरून ते बघत होते. मग ते उठून शेताकडं गेले.

पुढच्या वर्षी मॅडमनीच मला दुसऱ्या एका वृद्धाश्रमात पाठवलं. मी पाच वर्षं तिथं होते. कामाचं मी फार सांगणार नाही. माणसांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, झोपवायचं. खोलीत माझ्याबरोबर नेपाळची एक मुलगी होती. ती रात्रपाळीहून आली की माझ्यासाठी चहा झाकून ठेवायची. चांगली होती. मी तिच्याशी कधी कशात स्पर्धा केली नाही.

तिथं एक आजोबा होते. शोगी म्हणून त्यांचा बुद्धिबळासारखा एक खेळ असतो. रोज जेवण झालं की ते पट मांडायचे, दोन्ही बाजूंच्या सोंगट्या नीट लावायचे, आणि एकही न हलवता बसून राहायचे. मी नवीन होते. मला वाटलं, विसरतात. एकदा मी वाकून विचारलं, आजोबा, खेळत का नाही?

"आइते गा इनाइ," ते म्हणाले.

आइते नाही, जोड नाही. मी बाकीच्या सोबतिणींना विचारलं तेव्हा कळलं की समोरच्या खोलीत दुसरे एक आजोबा होते, दोघं रोज खेळायचे, रोज भांडायचे, एकमेकांना लबाड म्हणायचे. ते मागच्या हिवाळ्यात गेले. मी परत पटाजवळ गेले. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसावं असं वाटलं, पण मला तो खेळ येत नव्हता. मी धुण्याच्या खोलीत गेले आणि मशीन चालू करून, त्या आवाजात, फार रडले. जत्रेतल्या कुस्तीचा तो शब्द तिनं सांगितला तेव्हा मला फक्त हेवा वाटला होता. आता त्याचा अर्थ कळत होता आणि तो सांगायला ती नव्हती.

तिथून तिला फोन करावा असं कितीदा वाटलं. नंबर बदललेला होता. आईकडून घेता आला असता. 'गावाकडं आल्यावर समोरासमोरच बोलू' असं मी स्वतःला समजावत राहिले. खरं म्हणजे धीर होत नव्हता.

मी तिथं असतानाच गावात पुढची निवडणूक झाली. आईनं फोनवर सांगितलं, "तुझे दादा आन काका एका पॅनलात हायेत आवंदा." मला वाटलं, ती चेष्टा करतेय. पण तसंच होतं. कुणा तिसऱ्याला पाडायचं होतं, म्हणून दोघे भाऊ एका जीपमधून फिरले. भिंतीला मधे एक दार पाडलं. मी परत आले तेव्हा काकू त्याच दारातून पिठल्याचं पातेलं घेऊन आल्या आणि मला जवळ घेऊन रडल्या.

त्या दिवशी आई भाकरी थापत होती आणि काकू माझ्यासमोर बसल्या होत्या. जुन्या गोष्टी निघाल्या. काकू म्हणाल्या, "त्या मिरवणुकीपायी लई झालं बाई. माझ्या पोरीनं तर त्या दिवशी बापाचा मार खाल्ला."

"कावून?" मी विचारलं.

"अगं, तुमच्या दारापुढं डीजे बंद कर म्हणून ती त्या गाडीवर चढली व्हती. पोरांनी गुलाल टाकून पार आंधळी केली तिला, तरी वायर उपसून काढली. समद्यांदेखत. घरी आल्यावर ह्यांनी लई मारलं. दोन दिवस झोपून व्हती. मंग तिसऱ्या दिशी उठून तुमच्या त्या परीक्षेला आली."

आईचा हात परातीत थांबला होता. मी उठून बाहेर आले.

मी खिडकीतून डीजे बंद पडताना ऐकला होता. शांतता झाली, हे मला कळलं होतं. ती कुणी केली असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

वडवणीला मी बाजाराच्या दिवशी गेले. गर्दीत आपण कुणाच्या नजरेत येणार नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. कापडाचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. घर दुकानाच्या मागंच. दार तिनंच उघडलं. डोक्यावर पदर, अंगानं थोडी भरलेली, कानाजवळ दोनचार पांढरे केस. माझ्या वयाचीच तर ती, फक्त आठ महिन्यांनी मोठी.

"या," ती म्हणाली. "कवा आलाव तुमी?"

तुमी. आयुष्यात तिनं मला कधी तुमी म्हटलं नव्हतं. वाटलं, सासू ऐकत असेल म्हणून. पण सासू नुकतीच बाजारात गेली होती. घरात आम्ही दोघीच होतो.

तिनं पाणी दिलं, चहा ठेवला, पोहे टाकू का म्हणून विचारलं. मी नको म्हणाले. दोन मुली आहेत, अंगणवाडीत गेल्यात, एवढं सांगितलं. मग मी पाच वर्षं मनात घोळवलेलं सगळं बोलले. मिरवणूक, खिडकी, गाडीवर तिला बघितलं ते, काकूंनी आत्ता सांगितलं ते. मग म्हणाले, "त्या दिवशी तू जिन्यात इचारलं व्हतंस. मी मुद्दाम म्हणले गं तो शब्द. मला माफ कर."

ती खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मला ठावं व्हतं, मुद्दाम म्हणलाव ते," ती म्हणाली. "पर मला वाटलं, राग उतरला की येताल. लग्नापस्तोर वाट बघितली. हळद लागली त्या दिशी तर भिताडाकडंच ध्यान व्हतं समदं. मंग सोडून दिलं."

"मी पलीकडंच बसले व्हते."

"असताल," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा भांडेल. भांडली असती तर फार बरं झालं असतं. तिनं चहा कपात ओतला, बशी पुसून माझ्यापुढं ठेवली आणि मग, मी आल्यापासून पहिल्यांदाच, तिनं तोंड वर करून माझ्याकडं नीट बघितलं.

"तिकडं समुद्र जवळ व्हता का?"

"न्हाई. आमचं दुसरीकडं पडलं. डोंगर व्हते."

"बर्फ पडतंय?"

"लई. दार उघडत न्हाई सकाळी."

"आन म्हातारी माणसं? तरास देतात का?"

"देतात. पर मायाबी लावतात."

ती एकेक गोष्ट विचारत गेली. स्वयंपाक कोण करायचं, सुट्टी कोणत्या वारी, सायकल होती का, खोलीला खिडकी होती का आणि तिच्यातून काय दिसायचं. ज्या घरात आपण राहायला जाणार होतो आणि ऐनवेळी गेलो नाही, त्या घराबद्दल माणूस विचारतं तसं. मी सगळं सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला नकोसा होत होता.

"खोलीत दोघी व्हत्याव का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"दुसरी कोण?"

"नेपाळची एक पोरगी."

"चांगली व्हती?"

"चांगली व्हती."

तिनं मान हलवली. "बरं झालं," असं म्हणाली आणि कप उचलून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. दोनच कप होते, पण पाणी बराच वेळ वाहत राहिलं. आत जावं की नाही ते मला कळेना. मी उंबऱ्यापर्यंत गेले. ती माझ्याकडं पाठ करून मोरीपाशी उभी होती आणि तिच्या हातात काही नव्हतं.

"साडेचारची गाडी हाय बीडला," ती मागं न बघता म्हणाली. "निघा आता तुमी. त्यानंतरची लई उशिरा हाय."

मी चपला घातल्या. दुकानाच्या बाजूनं बाहेर पडताना तिच्या नवऱ्यानं ओळख नसताना नमस्कार केला. मीही केला. गाडी वेळेवर आली.